तिची पाठ

आज सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मोबाइल चोरताना सापडलेला पोरगा, भोवती गर्दी, हातात चपला. खाली हसणारे इमोजी. आणि एकांचं वाक्य, "चोर तो चोर, फार विचार करायचा नाही." हेच गृहस्थ मागे मला म्हणाले होते, "कादंबऱ्या कसल्या वाचतेस, सगळं खोटंच तर असतं." तेव्हा गप्प बसले. आज नाही बसणार.

सातवीत एका मुलीने माझं शाईचं पेन घेतलं. मी बाईंना सांगितलं. तिला तासभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं. पेन तिनेच घेतलं होतं, त्यात शंका नाही. मला ते परत मिळालं आणि त्याच पेनाने मी मजेत शुद्धलेखन लिहिलं.

पुढे कॉलेजात 'क्राइम अँड पनिशमेंट' हातात आलं. दस्तयेवस्कीची १८६६ ची रशियन कादंबरी. दोन खून करून रास्कोल्निकॉव दाराआड उभा, बाहेरून कुणीतरी दार हलवतंय, कडी थडथडतेय. आणि मी श्वास रोखून म्हणतेय, सापडू नकोस रे! खुन्यासाठी! त्याला सैबेरियाची शिक्षा झाली ती योग्यच वाटली, माफबिफ काही केलं नाही. पण पेनवाली आठवली. खुन्यासोबत पाचशे पानं चालले, तिला मात्र "का गं घेतलंस?" एवढंही विचारलं नव्हतं.

२०१३ मध्ये 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात एक प्रयोग आला होता. नुसत्या डोळ्यांचे फोटो दाखवून भावना ओळखायला लावल्या. साहित्यिक कथा वाचून आलेल्यांना ते जरा बरं जमलं. नंतर दुसऱ्यांनी करून पाहिलं तर तसं काही दिसलं नाही, बरं, मान्य. हिटलरच्या प्रचारमंत्र्याची, गोबेल्सची, डॉक्टरेट साहित्यातली होती आणि त्याने कादंबरीही लिहिली होती, तेही ठाऊक आहे. कमेंटमध्ये सांगायला येऊ नका.

मी तर तिचे डोळे पाहिलेच नव्हते. पाठ दिसत होती फक्त. एक वेणी सुटत आली होती आणि ती सावरायलाही तिचा हात वर जात नव्हता. हे मला तेव्हा दिसलंच असणार ना? आठवलं मात्र कादंबरी वाचताना.

ते गृहस्थ तसे वाईट नाहीत हो. कुणाच्याही अडचणीला पहिले धावतात. म्हणूनच जास्त राग येतो.

तीनदा लांबलचक लिहून खोडलं. शेवटी एवढंच विचारलं, "पोरगा किती वर्षांचा असेल?"

निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.