शेळी सर्व्हिस लिफ्टनेच आणा

सोमवार ते शुक्रवार मी एका कंपनीत अकाउंट्सला असतो आणि शनिवार-रविवार शेळीचा पीए. पेटिंग झू म्हणतात त्या धंद्याला. जनावरं टेम्पोत घालायची, कुणाच्या तरी वाढदिवसाला न्यायची, सोसायटीच्या लॉनवर जाळी लावायची आणि दोन तास पोरांना हात लावू द्यायचा, बस. वाकड, बाणेर, खराडी, जिथे टॉवर आहेत आणि पोरांनी शेळी फक्त मोबाईलमध्ये बघितलीये असा सगळा आपला एरिया. स्टाफमध्ये दोन उस्मानाबादी शेळ्या, एक बोकड, चार ससे, दोन गिनीपिग, बदकांची जोडी आणि एक कडकनाथ कोंबडी, जी इतकी काळी आहे की फोटोत ती येते का तिची सावली येते ते कुणालाच कळत नाही.

बोकडाचं नाव साहेब. मी नाही ठेवलं, मारुंजीला काकांच्या गोठ्यावर जो पोरगा जनावरं बघतो त्याने ठेवलं, कारण हा काही काम करत नाही आणि चालतो मात्र सगळ्यांच्या पुढे. आता होतं काय, ऑफिसात त्याचा फोन येतो आणि मी नेहमीच्या आवाजात बोलतो की साहेबांनी काल काय खाल्लं, पोट फुगलंय का, लेंड्या कशा पडतायत, डॉक्टर येईपर्यंत जरा फिरवत ठेव, आणि समोरच्या केबिनचं दार हळूच उघडतं. अप्रेझलच्या महिन्यात मी हे फोन जिन्यात जाऊन घेतो.

बुकिंगचे फोन त्याहून भारी. पहिला प्रश्न, पोपट आहे का? नाही हो ताई, आपल्याकडचा हिरवा पोपट पाळता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. मग मोर? ताई, तोच कायदा. "मग झू कसला म्हणता?" ह्याला उत्तर नाही. मग भाव सुरू. ससे नकोत, बदकं नकोत, नुसती शेळी आणली तर किती कमी कराल? म्हणजे टेम्पो तोच, डिझेल तेच, मी तोच, फक्त ससे घरी झोपणार आणि त्याचे पैसे ह्यांना परत हवेत.

गेटवर वेगळी तऱ्हा. हल्ली प्रत्येक सोसायटीत अॅप, त्यात डिलिव्हरी, कॅब, गेस्ट, मेड एवढंच. वॉचमन भाऊ टेम्पोत डोकावतो, अॅपकडे बघतो, परत टेम्पोत डोकावतो. शेवटी 'गेस्ट' टाकतो आणि फोटो कंपल्सरी म्हणून साहेबांसमोर मोबाईल धरतो, तर साहेब कव्हर चाटतात. मग सेक्रेटरी काका येतात. पार्टी अकराव्या मजल्यावरच्या टेरेसवर असली की त्यांची एकच अट, शेळी सर्व्हिस लिफ्टनेच आणा. पाळीव कुत्रे मेन लिफ्टने जातात, मी स्वतः बघितलंय, पण शेळी म्हटलं की काकांना लेव्हल आठवते.

पार्टीत पोरं पहिली दहा मिनिटं किंचाळतात, पुढची दहा मिनिटं गवत भरवतात, मग केक दिसतो आणि संपलं. उरलेला दीड तास आई-बाबांचा. "चावते का हो?" दादा, शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, नुसती हिरडी असते, हे बघा, असं म्हणून मी तोंड उघडून दाखवतो तर दादा दोन पावलं मागे. पोराला मात्र पुढे ढकलतात, जा ना बेटा, काही करत नाही ती. गिनीपिग बघून एक आजी हमखास विचारतात, उंदीर आहे ना हा? जात तीच आहे हो, खोटं कशाला बोला, पण लाड बघा. ह्यांच्या अंगात सी व्हिटॅमिन तयार होत नाही, ते खाण्यातूनच द्यावं लागतं, म्हणून रोज ढोबळी मिरची. बायको म्हणते, आपल्या डब्यात दुधी आणि त्यांच्या डब्यात ढोबळी, बरंय.

सशाला कान धरून उचलायचं नाही हे मी माईकवर सांगतो, तरी फोटोसाठी कुणीतरी उचलतंच. त्याला नीट खालून आधार दिला नाही आणि त्याने जोरात लाथ झाडली तर त्याचा स्वतःचाच मणका मोडू शकतो, त्यामुळे सशांपाशी मी स्वतः उभा राहतो आणि शेळ्या पोरग्याच्या भरवशावर सोडतो. मग शेळ्या डेकोरेशन खातात. मागे एका पार्टीत 'हॅपी बर्थडे' चं कागदी तोरण 'हॅपी' वर आलं होतं, बाकीचं रवंथ चालू होतं. केक मात्र अजिबात खाऊ देत नाही, मैदा-साखरेने शेळीच्या पोटात आम्ल होतं आणि ती आडवी होते, हे पाहुण्यांना पटवताना मीच दुष्ट ठरतो. "एक घास हो, वाढदिवस आहे!" वाढदिवस तिचा नाहीये मावशी.

आणि मेन्यूत मटण बिर्याणी. मीही खातो, माझी काही तक्रार नाही, पण हंडी जाळीपासून दहा फुटांवर लावायची काय गरज असते कॅटरर लोकांना? एका पोराने वडलांना मोठ्याने विचारलं की बाबा हीच का ती, तेव्हा सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, जसं काही मीच सप्लाय करतो.

हात धुण्यावरून तर दर वेळी वाद. साबण-पाणी लागतंच, सॅनिटायझरने सगळं मरत नाही, म्हणून मी बादली आणि साबण घेऊनच फिरतो. त्यावर जे बाबा मघाशी दोन पावलं मागे गेले होते तेच म्हणणार, अहो आम्ही लहानपणी शेणात खेळलोय.

एप्रिल-मे मी दुपारचं बुकिंग घेत नाही. सशाला ऊन झेपत नाही, पिंजऱ्यात बर्फाच्या बाटल्या ठेवाव्या लागतात, आणि त्या बाटल्या फ्रीजरमध्ये असल्याने आमच्याकडे उन्हाळाभर आइस्क्रीम बंद.

पण ह्या धंद्यात माझं खरं गिऱ्हाईक कोण ते सांगू का? आजोबा लोक. पोरं केककडे पळाली की कोपऱ्यातल्या खुर्चीवरून कुणीतरी उठतं, पांढरा लेंगा, पायात सुनेने आणलेले स्पोर्ट्स शूज, सरळ जाळी ओलांडून आत. परवानगी वगैरे काही नाही. शेळीचा खालचा ओठ ओढून, "चार दाती आहे. कुठनं आणली?" चाकणच्या बाजारातनं. "कितीला?" मी सांगतो. "फसवलं तुला." हे शंभर टक्के. मी जरी फुकट मिळाली म्हणालो असतो तरी फसवलंच असतं. मग कास बघणार, खूर बघणार, खूर वाढलेत म्हणून मला झापणार, आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी दिली का विचारणार. माझ्या बॉसने माझं एवढं ऑडिट कधी केलं नाही.

वाकडच्या एका आजोबांनी तर साहेबांना मागून एकदा बघितलं आणि निकाल दिला, हा खच्ची आहे, ह्याचा काही उपयोग नाही. (बरोबर आहे, म्हणून तर पार्टीत वास येत नाही.) मग म्हणाले ही काळी विकत देतोस का, गॅलरीत बांधतो, नवव्या मजल्यावर हवा चांगली असते. त्यांची सून केकच्या प्लेटा घेऊन जाता जाता माझ्याजवळ थांबली आणि हसऱ्या चेहऱ्याने हळू म्हणाली, दादा, हो म्हणालात तर बघा.

शेळी मिळाली नाही पण नंबर मिळाला ना. आता दर रविवारी सकाळी फोन. माजावर आली का? कुठला बोकड दाखवला? शेजारच्या वस्तीवरचा म्हटलं तर त्याच्या आईला दूध किती होतं हे मला विचारतात, मला माझ्या क्रेडिट कार्डाची ड्यू डेट आठवत नाही. शेवटी काळी गाभण राहिली, हे आधी त्यांना सांगितलं आणि मग बायकोला. पाच महिन्यांचा हिशोब त्यांनी फोनवरच बोटांवर केला, उस्मानाबादी आहे म्हणजे जुळीसुद्धा होतील म्हणाले, आणि करडांचं बारसं त्यांच्याच क्लबहाऊसमध्ये करायचं हेही ठरवून टाकलं. सेक्रेटरीशी ते बोलतील, घुगऱ्या त्यांच्याकडून. फक्त टेम्पोसकट दोन तासांचा रेट किती लावणार ते आधी सांग म्हणाले, कारण घरचं कार्य आहे, कमी करावं लागेल.