सर्पदंशाच्या लसीचं काय?

सरकारी पैशावरच्या प्रयोगशाळांनी प्राण्यांवरच्या चाचण्या लगेच बंद कराव्यात, पर्याय तयार आहेत, असं नुकत्याच वाचलेल्या एका लेखात ठामपणे म्हटलंय. नव्या औषधांपुरतं ठीक. २०२३ मध्ये आपल्याकडेही नियम बदलून मानवी पेशींवरच्या, छोट्या चिपवर वाढवलेल्या पेशींवरच्या चाचण्यांना वाट मिळाली. पण सर्पदंशाच्या लसीबद्दल, म्हणजे साप चावल्यावर देतात त्या प्रतिविषाबद्दल, लेखात एक शब्द नाही, आणि आम्हा यावल-रावेरकडच्यांना तीच आधी आठवते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरची ही लस घोड्याच्या रक्तातून काढतात, तिची ताकद उंदरांवर तपासतात. विष आणि लस मिसळून टोचायची, किती उंदीर जगले ते मोजायचं. हे उद्या नुसतं थांबवलं तर कुठल्या बाटलीत दम आहे ते कळणार कसं?

रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी भरताना आमच्या सालदाराला घोणस चावली. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं हलवू दिलं नाही, मग नळी तिरपी केली. रक्त गोठलंच नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. लगेच लस लावली, माणूस वाचला. घोणशीच्या विषाचा हा परिणाम नळीत दिसतो, म्हणजे इथे उंदराविना चाचणी बसवता येईल. मण्यारीच्या विषाने श्वास बंद पडतो, ते नुसत्या पेशींवर पकडणं जास्त अवघड. सरकारी निधी आधी इथे लावा. साप चावतो तो शेतमजुराला, त्याच्यासाठी खासगी कंपनी एवढा खर्च करेल असं मला वाटत नाही. उंदरांचे हाल मलाही पटत नाहीत, पण पर्याय पक्का होईपर्यंत ही एक चाचणी राहू द्या.