शवासन म्हणजे झोपा काढणं? त्या व्हॉट्सॲप मेसेजला सोलापुरातून उत्तर

सोसायटीचा ग्रुप, पाहुण्यांचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, सगळीकडं सध्या एकच मेसेज फिरतोय, नवशिक्यांसाठी योगाचे 5 नियम म्हणे. पद्मासन जमत नसेल तर फायदा शून्य, दुखेल तितकं चांगलं, पहिल्या दिवसापासून शीर्षासन करा बीपीची गोळी सुटेल, शवासन म्हणजे टाइमपास, आणि मॅट भारीतलीच पाहिजे. वाचून डोकंच फिरलं बघा.

पद्मासनाचं आधी घेऊ. ती मांडी खरी वळते खुब्यातून, गुडघ्यातून नाही. खुबा आखडलेला असला आणि तुम्ही पाय ओढून वर ठेवला की सगळा पीळ गुडघ्यावर येतो, आतली गादी दुखावली तर मग बसा डॉक्टरकडं चकरा मारत. सोलापूरच्या पूर्व भागात दिवसभर वाकून विड्या वळणाऱ्या बायका, लूमवर शिफ्टभर उभे असणारे लोक, यांना पद्मासन सांगताय? त्यांना ताठ उभं राहायचं ताडासन द्या, पाठीवर झोपून एकेक गुडघा पोटाशी घ्यायचं पवनमुक्तासन द्या, पालथं झोपून हळू छाती उचलायचं भुजंगासन द्या. बसायचंच असेल तर साधी मांडी घाला, बुडाखाली उशी घ्या, पाठ आपोआप सरळ होते. पुण्याच्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी पट्टे, ठोकळे, घोंगड्या वापरून आसनं शिकवली, आणि आपल्याला उशी घ्यायची लाज वाटते होय!

दुखेल तितकं चांगलं, हे जिमवाल्यांचं इथं घुसलंय. ताण जाणवणं वेगळं आणि सांध्यात कळ येणं वेगळं. कळ आली की थांबायचं, श्वास अडकायला लागला तरी थांबायचं, विषय संपला.

शीर्षासनाचा मुद्दा मात्र सरळसरळ धोकादायक आहे. डोकं खाली केलं की डोळ्यातलं प्रेशर वाढतं, काचबिंदूवाल्यांनी आणि बीपी कंट्रोलमध्ये नसलेल्यांनी त्याच्या नादाला लागायचंच नाही. आणि गोळी डॉक्टर बंद करतात, ग्रुप ॲडमिन नाही.

आता शवासन. हठयोगप्रदीपिका हा 15 व्या शतकातला ग्रंथ, त्यात मोजून 15 आसनं सांगितलीत आणि त्यात शवासन आहे, थकवा घालवणारं, चित्ताला विश्रांती देणारं असं स्पष्ट लिहिलंय, मग ह्याला टाइमपास कुणी ठरवलं? खरं तर नवख्या माणसाला हेच सगळ्यात अवघड जातं, कारण अंग जमिनीवर आणि डोकं उद्याच्या हप्त्यात. पाठीवर झोपा, पायात दीड फूट अंतर, तळवे वर, कंबर दुखत असेल तर गुडघ्याखाली लोड. मग पायाच्या बोटांपासून एकेक अवयव आठवत सैल सोडत वर यायचं, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जरा जास्त वेळ द्यायचा, त्यानं नाडी शांत होते. डोळा लागला तर लागू द्या की ओ, काय बिघडत नाही. पोटुशी बाईनं शेवटच्या महिन्यांत पाठीवर नको, डाव्या कुशीवर. उठताना झटक्यात नाही, कुशीवर वळून हाताचा आधार घेऊन. मे महिन्यात आपल्याकडं पारा 42-43 ला जातो, तेव्हा बाकीचं कमी करून हेच जरा जास्त करा, पंख्याखाली.

राहिली मॅट. सोलापुरात राहून मॅटसाठी हजार-दीड हजार घालवायचे? चादर दुहेरी घडी करून अंथरा, झोपून-बसून करायच्या आसनांना झकास. फक्त शहाबादी फरशीवर ती सरकते, म्हणून उभ्यानं करायचं असेल तेव्हा चादर बाजूला काढा आणि अनवाणी फरशीवरच उभे राहा.