रक्ताची उलटी आणि 'रक्त थांबवायचं इंजेक्शन': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वडिलांना रक्ताच्या उलट्या होत असताना कॅज्युअल्टीत ट्रॅनेक्सामिक ॲसिड, म्हणजे रक्त थांबवायचं इंजेक्शन, दिलं नाही, आणि अपघात झालेल्या शेजाऱ्याला मात्र तेच इंजेक्शन पोचल्या पोचल्या दिलं. माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत: "रक्त ते रक्तच. तुमचं संशोधन रोज फिरतं, तेही परदेशी रुग्णांवरचं. एवढं स्वस्त इंजेक्शन, देऊन बघायला काय जातं?"

काय जातं, ते आधी सांगतो. 2020 साली 'लॅन्सेट'मध्ये हॉल्ट-आयटी ही चाचणी प्रसिद्ध झाली. अन्ननलिका, जठर किंवा आतड्यातून रक्तस्राव होणारे 12,009 रुग्ण, 15 देश. निम्म्यांना हे औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही माहीत नाही. पाच दिवसांत रक्तस्रावाने दगावणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं, शेकडा चारच्या आसपास. पण पायाच्या किंवा फुफ्फुसाच्या शिरेत गुठळी होण्याचं प्रमाण औषध घेतलेल्यांत 0.8 टक्के, इतरांत 0.4 टक्के. झटकेही औषधवाल्यांत जास्त आले. म्हणजे फायदा नाही, आणि धोका आहे. स्वस्त असलं म्हणून तो धोका कमी होत नाही.

'परदेशी' म्हणाल, तर या चाचणीत पाकिस्तानातल्या रुग्णालयांचा वाटा मोठा होता, नेपाळही होतं. लिव्हर खराब होऊन अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेले, म्हणजे आपल्या वॉर्डात रोज दिसतात तसे रुग्ण जवळपास निम्मे होते. अपघाताच्या रुग्णांवरची याच औषधाची क्रॅश-2 ही 2010 ची चाचणी तर भारतातल्या हजारो रुग्णांच्या जिवावर उभी आहे.

आणि संशोधन फिरलेलं नाही हो. क्रॅश-2 चा निष्कर्ष आजही तसाच आहे. 20,211 जखमी, मृत्यू 16 टक्क्यांवरून 14.5 वर. मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वेळेचा हिशोब. पहिल्या तासात औषध मिळालं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू 7.7 वरून 5.3 टक्क्यांवर आले. तीन तास उलटल्यावर दिलं तर उलट वाढले, 3.1 वरून 4.4. म्हणून तर शेजाऱ्यांसाठी 500 मिलिग्रॅमच्या दोन अँप्युल फोडून, 100 मिलीच्या सलाईनमध्ये घालून, दहा मिनिटांत सोडायची घाई झाली.

अपघाताची वेळ सगळ्यांना ठाऊक असते. पोटात रक्त कधीपासून झिरपतंय, ते कोण सांगणार? दोन दिवस डांबरासारखी काळी शी होते, लोहाच्या गोळ्यांमुळे असेल म्हणून घरात कुणी लक्ष देत नाही, आणि बादलीत लाल दिसलं की मग रिक्षा. हॉल्ट-आयटीतले बहुतेक रुग्ण तीन तासांनंतरच पोचले होते. शिवाय लिव्हरच्या रुग्णाची शीर फुटते ती आतल्या दाबामुळे. या औषधाचं काम तयार झालेली गुठळी विरघळू न देणं एवढंच. दाब ते उतरवत नाही. दाब उतरवायला ऑक्ट्रिओटाइड किंवा टर्लिप्रेसिन लागतं, जोडीला अँटिबायोटिक, आणि मग तोंडातून दुर्बीण घालून (एंडोस्कोपी) फुगलेल्या शिरेला आवळून बांधणारा रबरी बँड.

हॉल्ट-आयटीच्या आधी छोट्या छोट्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा पोटातल्या रक्तस्रावातही मृत्यू घटताना दिसत होते. तेवढ्यावर थांबलो असतो, तर आज प्रत्येक रक्ताच्या उलटीला हे इंजेक्शन गेलं असतं आणि गुठळीने दगावलेल्यांचं खापर आपण आजारावर फोडलं असतं. मोठ्या चाचण्यांबद्दल मला इतकी आस्था आहे ती यामुळे.

वडिलांना लिव्हरचा त्रास आहे हे तुम्ही लिहिलंत, पण दुर्बिणीची तपासणी झाली का, ते लिहिलेलं नाही. झाली नसेल तर पोटविकारतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा. बँड घातले असतील तर पुढची तारीख चुकवू नका. शिरा पूर्ण बंद व्हायला बहुधा एकाहून जास्त खेपा लागतात. अंगदुखीसाठी दुकानातून गोळ्या आणून देत असाल तर त्या आजच बंद करा, आणि काय चालेल ते डॉक्टरांना विचारा. शी काळी दिसली तर उलटीची वाट न बघता निघा.