रोझेटा थार्पचं नाव घ्यायला काय जातं?

आज मंडळाच्या कार्यक्रमात मुलांची प्रश्नमंजूषा होती. प्रश्न आला, ‘रॉक अँड रोल कुणी सुरू केलं?’ एक छोटी मुलगी चटकन म्हणाली, ‘सिस्टर रोझेटा थार्प!’ म्हणजे इलेक्ट्रिक गिटार वाजवत देवाची गाणी गाणारी कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका. सूत्रसंचालक हसले, ‘नाही बेटा, एल्विस प्रेस्ली’ म्हणाले आणि गुण दुसऱ्या गटाला देऊन मोकळे झाले. पोर खट्टू होऊन खाली बसली. घरी आले तरी माझं डोकं शांत होत नाहीये.

एल्विसची पहिली रेकॉर्ड आली १९५४ला. रोझेटानं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ गायलं १९४४ला. गाणं देवाचं, पण चाल, ठेका, मधली गिटार ऐका आणि मग सांगा कुणी काय सुरू केलं!

आम्ही फिलाडेल्फियात नवीन होतो तेव्हा शेजारी एक कृष्णवर्णीय आजी राहायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात मी रोझेटा पहिल्यांदा ऐकली. मी आपली सवयीनं समेवर टाळी द्यायला जायची, तर आजी माझा हात धरून थांबवायच्या. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर! त्यांच्या चर्चमध्ये तशीच पडते. रॉक अँड रोलचा सगळा जीव त्या टाळीत आहे, आणि ती टाळी एल्विसच्या घरची नव्हे.

बरं, एल्विस गायचा सुरेख, मान्य. कृष्णवर्णीय लोक हे माझ्या कितीतरी आधीपासून गातायत, असं तो स्वतः १९५६ मध्येच म्हणाला होता. मग त्याचे चाहते का म्हणत नाहीत?

आजी सांगायच्या, रोझेटानं दोन्हीकडून मार खाल्ला. १९३८ला न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबमध्ये गायली म्हणून चर्चवाले चिडले. दक्षिणेत दौऱ्यावर गेली की गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळायची नाही, बसमध्येच झोपायचं. आणि तीच बाई १९४७ला जॉर्जियातल्या मेकन गावात चौदा वर्षांच्या पोराला आपल्या कार्यक्रमात गायला उभं करते. तो पोरगा पुढे रॉक अँड रोलचा मोठा गायक लिटल रिचर्ड झाला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं त्याला पहिल्याच वर्षी, १९८६ला घेतलं. तिला २०१८ला! लाज वाटायला हवी.

१९७३ला ती गेली, याच फिलाडेल्फियात. कबरीवर नावाचा दगड बसला २००८ला, तोही एक कार्यक्रम करून पैसे जमवल्यावर. हे ऐकलं त्या दिवशी आजींसमोर मला बोलवेना. मीच नाही, त्याही गप्प होत्या.

सूत्रसंचालकांवर खरं तर राग नाही. भला माणूस आहे, हातातलं कार्ड वाचलं त्यांनी. एकट्या कुणी हे संगीत सुरू केलं नाही, हेही खरं. आधीपासून कृष्णवर्णीयांचं ब्लूज होतं, पियानोवरचं बुगीवुगी होतं. पण एकच नाव घ्यायचं तर दरवेळी एल्विसचंच का?

तुमच्यापैकी कितीजणांच्या मुली गिटार शिकतायत! त्यांना १९६४चं मँचेस्टरचं चित्रीकरण दाखवा. बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, पाऊस, समोरच्या फलाटावर ब्रिटिश पोरं बसलेली. ही घोडागाडीतून उतरते, लांब कोट, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, आणि ‘डिडन्ट इट रेन’ सुरू करते. पन्नाशीला आलेली बाई काय वाजवते बघा. लिंक पहिल्या कमेंटमध्ये टाकली आहे.