साहेबांची पोस्ट, साहेबांच्याच शब्दांत

तर तुम्ही डायरेक्टर झालात, काजूची फॅक्टरी आहे, खाडीकडेला रिसॉर्ट आहे, म्हणजे आता लिंक्डइनवर मनातलं लिहिणं आलंच. पहिलं सांगणं हेच की स्वतः लिहू नका. मस्कने ७ ऑगस्ट २०१८ ला स्वतःच ट्वीट टाकलं, की टेस्ला ४२० डॉलर भावाने प्रायव्हेट करायचा विचार आहे, पैशाची सोय झालीये. झालं, सेटलमेंटमध्ये त्याचे २ कोटी डॉलर गेले, कंपनीचे वेगळे २ कोटी, वर चेअरमनची खुर्चीपण गेली. एवढा खरेपणा आपल्याला परवडणारा आहे का?

त्यापेक्षा माझ्यासारखा कोणीतरी ठेवा. लाज कसली त्यात? केनेडींना १९५७ साली ज्या पुस्तकासाठी पुलित्झर मिळालं त्याच्या बहुतेक प्रकरणांचा पहिला खर्डा आपण केला होता असं त्यांची भाषणं लिहिणाऱ्या सोरेन्सन यांनी २००८ मध्ये सांगून टाकलं, म्हणजे पन्नास वर्षं तोंड मिटून बसणारा माणूस मिळाला तर बघा. आणि आपल्या देवळात तरी आपण कुठे बोलतो, गाऱ्हाणं दुसराच घालतो, आपण मागे हात जोडून ‘व्हय म्हाराजा’. फरक एवढाच की तिथे बोलतोय कोण ते सगळ्या गावाला दिसत असतं.

माल कसा द्यायचा? व्हॉइस नोट टाका, अकरा सेकंदांची पुरे. मला आलेली अशी होती, ‘अरे टाक ना कायतरी, आईबिई, गरिबी, पण पॉझिटिव्ह ठेव.’ एआयकडून करून घ्यायच्या भानगडीत पडू नका, तो आईला चुलीपुढे बसवतो नक्की, पण चुलीत नारळाची चुडतं होती की सोडणं ते त्याला कुठे माहीत, आणि लोक तिथेच रडतात हो.

म्हणून मी माझी आजी दिली. काजूच्या बिया फोडायची, हाताला राख लावायची तरी चीक लागून बोटं काळी पडलेली, साल निघालेली, आणि म्हातारपणी आधारच्या मशीनवर तिचा अंगठाच उठेना, तो पोरगा म्हणतोय आजी परत दाबा आणि ही आपली पदराला पुसून पुसून परत दाबतेय. साहेबांची आजी मुंबईत हेडबाई होत्या, काजू बघितला तो खारवलेला. पण पोस्ट तुफान चालली, खाली तीनशे व्हय म्हाराजा, ‘सर, निःशब्द’, ‘सर, डोळे पाणावले’. (माझं बिल तेवढं अजून सहीला आहे.)

लगेच दुसरी पोस्ट घ्या, गाडी गरम असते. आम्ही नकली हापूसवर घेतली. २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढ्याच जिल्ह्यांचा तो हापूस, तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकतात, वर पेंढापण आपल्यासारखाच, ही ग्राहकाची फसवणूक आहे, मी हे सहन करणार नाही वगैरे. त्यातला ‘मी’ मी लिहिला, संतापपण माझाच. साहेबांनी न वाचता अंगठा पाठवला.

एक मात्र करा, पोस्ट निदान पाठ करा. साहेबांनी केली. आजीची गोष्ट त्यांनी एका कार्यक्रमात सांगितली, मग दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात अंगठ्यापाशी आले तर त्यांचा खरंच आवाज भरून आला, पाणी मागितलं. मी मागच्या खुर्चीत बसलेलो. टाळ्या मीपण वाजवल्या, न वाजवून सांगतो कोणाला.

ती पोस्ट फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवर आली. आईने मला वेगळी पाठवली आणि वर फोन केला, ‘वाचलंस? ह्येंची आजीपण आपल्या आजीसारखीच रे. एवढी मोठी माणसा, पण कशी लक्षात ठेवतत बघ. तू कधी चार ओळी लिवलंस तिच्यावर?’