हंगरमन, चर्च आणि उजव्यांचा प्रचार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

धर्म आणि दान यांचा आकडेवारीतून अभ्यास करणारे अमेरिकेतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डॅनियल हंगरमन यांच्या संशोधनावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही विचारलंत, की श्रद्धा डॉलरमध्ये मोजणाऱ्या प्राध्यापकाचं एवढं कौतुक कशाला? शिवाय ‘सरकारने हात आखडला की चर्च गरिबांना सांभाळून घेतं’ हा अमेरिकेतल्या उजव्यांचा प्रचार मी विद्यापीठाचा शिक्का मारून मराठीत आणला, असंही म्हणालात. आणि यातलं आपल्या देवस्थानांना काय लागू पडतं, हा शेवटचा प्रश्न. उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

प्रचाराचा आक्षेप आधी घेतो, कारण तोच वजनदार आहे. १९९६ साली क्लिंटन सरकारने कल्याणकारी योजनांचा कायदा बदलला आणि नागरिकत्व नसलेल्या बहुतेक स्थलांतरितांची मदत कापली. अशा लोकांचं प्रमाण प्रत्येक राज्यात वेगळं, त्यामुळे कपातीचा फटकाही वेगळा. हंगरमन यांनी प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चचे वर्षावर्षाचे हिशेब घेऊन हा फरक तपासला. २००५ च्या त्या निबंधाचा निष्कर्ष असा, की सरकारचा एक डॉलर कमी झाला तर चर्चकडून २० ते ३८ सेंट वाढतात. ‘चर्च पुढे आलं’ एवढं तुम्ही वाचलंत. उरलेले साठ-ऐंशी सेंट चर्चने भरून काढले नाहीत, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ जोनाथन ग्रुबर यांच्याबरोबर त्यांनी १९३० च्या दशकातल्या महामंदीच्या काळावर केलेलं काम तर दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या ‘न्यू डील’मध्ये, म्हणजे मंदीतून देश सावरण्यासाठीच्या सरकारी योजनांमध्ये, सरकारी पैसा ओतला गेला आणि चर्चचं दानकार्य आटलं. आता हे सिद्ध करायचं कसं? जिथे हलाखी जास्त तिथे सरकारही जास्त देणार आणि तिथल्या चर्चची पेटीही रिकामी असणार. म्हणजे नुसती तुलना फसवी. म्हणून त्यांनी पाहिलं, की कुठल्या राज्याचे खासदार वॉशिंग्टनमध्ये किती वजनदार होते. ज्याचा आमदार वजनदार त्याच्या तालुक्यात निधी, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको! अशा वजनामुळे आलेल्या पैशाचा गरिबीशी थेट संबंध नसतो, म्हणून त्याचा परिणाम सुटा करून बघता येतो. सहा मोठ्या ख्रिस्ती पंथांच्या हिशेबांवरून दिसलं, की न्यू डीलमुळे चर्चचा दानावरचा खर्च ३० टक्क्यांनी घटला. १९३३ ते १९३९ मधली जवळजवळ सगळी घट त्यातच आली. पण ही घट न्यू डीलच्या एकूण खर्चाच्या जेमतेम ३ टक्के होती. ‘सरकारने धर्मादाय बुडवला’ म्हणणारे पहिला आकडा सांगतात, ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे दुसरा. दोन्ही एकाच निबंधातले आहेत. आणि सरकारने मदत बंद केली तर चर्च ती भरून काढेल असं ज्याला वाटतं, त्याने तो ३ टक्क्यांचा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

श्रद्धा मोजण्याबद्दल म्हणाल, तर ती हंगरमन यांनी मोजलेलीच नाही. त्यांचा रविवारच्या दुकानांवरचा निबंधच घ्या. अमेरिकेत अनेक राज्यांत रविवारी दुकानं उघडायला बंदी होती. ती वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वर्षी उठली. (न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीत रविवारी कपड्यांची, फर्निचरची दुकानं अजून बंद असतात, त्या बाजूच्या आपल्या मंडळींना विचारा.) बंदी उठली तिथे चर्चमधली हजेरी घटली, दान घटलं, मात्र धर्माशी संबंध नसलेल्या संस्थांच्या देणग्या तशा घटल्या नाहीत. आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हा, की धार्मिक लोकांचं मद्यपान वाढलं आणि त्यांच्यातला व इतरांमधला अति मद्यपानातला फरक जवळजवळ निम्म्यावर आला. कोणाच्या मनातला देव गेला की राहिला, यावर निबंधात अवाक्षर नाही. रविवार सकाळ कुठे गेली एवढंच आहे.

हे गृहस्थ चर्चचे वकील आहेत, हा तुमचा सूर तर मुळीच पटत नाही. नॉटर डेम या कॅथलिक विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचार प्रकरणावर लिहिलं: त्या प्रकरणामुळे कॅथलिकांची संख्या वीस लाखांनी घटली आणि इतर पंथांकडे तीन अब्ज डॉलरहून जास्त दान वळलं, असा त्यांचा अंदाज आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराबाबतही तेच. तिथे सरकारी व्हाउचरवर, म्हणजे सरकारने भरलेल्या फीवर, मुलं खासगी, त्यातही धार्मिक शाळांत शिकतात. व्हाउचर घेणाऱ्या शाळा चालवणाऱ्या पॅरिशना (स्थानिक चर्चना) भाविकांपेक्षा व्हाउचरमधून जास्त पैसा येतो, चर्च बंद पडायची वाचतात, पण भाविकांचं दान आणि शिक्षणाबाहेरच्या धर्मकार्यावरचा खर्च दोन्ही घटतात, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. वकील अशीलाबद्दल असं लिहीत नाही.

आता आपली देवस्थानं. अमेरिकेतले निष्कर्ष इथे चिकटवू नयेत, याबाबत मी तुमच्याच बाजूचा आहे. तिथे चर्चला नोंदलेले सदस्य असतात, दरवर्षीचा अहवाल वर जातो. आपल्याकडे हुंडीत नोट टाकणारा कोण, कुठला, वर्षातून किती वेळा आला, कशाचीच नोंद नाही. शिवाय तुलनेला दुसरी बाजू लागते. नोटाबंदीचा दानावर काय परिणाम झाला हे बघावं म्हटलं, तर ती एकाच रात्री देशभर लागू झाली. मग ताडून बघायचं कोणाशी?

एक संधी मात्र मला दिसते. महाराष्ट्रात करोनाकाळात बंद झालेली मंदिरं १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याला उघडली. कर्नाटक सरकारने मात्र जूनमध्येच परवानगी दिली होती. सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, त्याच भाविकांच्या देवस्थानांचे त्या काळातले महिनावार जमाखर्च मिळाले, तर पाच महिन्यांत दान नुसतं लांबणीवर पडलं, पलीकडे गेलं की शेजारच्या अन्नछत्राला मिळालं, हे तपासता येईल. काही मंदिरं स्थानिक आदेशांमुळे जास्त काळ बंद राहिली, ती वगळावी लागतील. तुम्ही प्रतिक्रियेत लिहिलंय की एका देवस्थानाच्या विश्वस्त मंडळावर काम केलंय. २०१९ ते २०२१ चे महिनावार आकडे तिथून मिळू शकतील का?